एसीएलच्या ऑपरेशननंतर रिसीव्हर फॉर्मात कधी येतो?

प्रश्न डॅलसजवळ राहणाऱ्या एका पालकांचा आहे. मुलगा १७ वर्षांचा, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा. गेल्या नोव्हेंबरात कुणाचा धक्काही न लागता, नुसता वळताना डावा गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं हाडं जोडणारं लिगामेंट, तुटलं. महिनाअखेरीस ऑपरेशन झालं, ग्राफ्ट (तुटलेल्याच्या जागी लावलेला तुकडा) गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा. आता जून संपत आला, म्हणजे सात महिने झाले. सरळ धावण्याची वेळ जवळपास पूर्वीइतकी आली आहे, एका पायावरच्या उडीच्या चाचणीत ९५ टक्के मिळाले आहेत, आणि कोचला तो ऑगस्टअखेरच्या पहिल्या सामन्यात हवा आहे. पण मैदानावर बघताना "काहीतरी पूर्वीसारखं नाही" असं पालकांना वाटतं. फॉर्म यायला अजून किती वेळ?

तुमची शंका रास्त आहे, आणि जे कमी वाटतंय ते बहुधा वेगात नाही. ते थांबण्यात आहे.

रिसीव्हरचं काम बाहेरून पळण्याचं दिसतं. प्रत्यक्षात त्याची भाकरी थांबण्यावर आहे. समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, उलट्या पावलांनी मागे सरकत असतो. रिसीव्हर १२ यार्ड (सुमारे ११ मीटर) जीव तोडून पळतो, तो सरळच जाणार असं त्याला भासवतो आणि तीन पावलांत वेग मारून वळतो. कॉर्नरबॅकला तेवढ्यात वळता येत नाही, आणि दोघांमध्ये जी दीड-दोन यार्डांची फट पडते तीत क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा खेळाडू, चेंडू टाकतो. थांबायला तीनऐवजी पाच पावलं लागली की फट गेली. वर चेंडू ठरलेल्या क्षणी हातातून सुटलेला असतो, त्यामुळे तो एकतर मागे पडतो किंवा कॉर्नरबॅकच्या हातात जातो. सरळ धावेची वेळ तीच, पण खेळाडू मात्र तो नाही.

जोरात पळताना अचानक थांबलं की सुरुवातीच्या पावलांत जमिनीचा उलटा जोर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पटींपर्यंत जाऊ शकतो, आणि तोही सेकंदाच्या अगदी लहान भागात. हा जोर मुख्यतः मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्स, ताणला जाता जाता पेलतो. ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त वाळतो आणि सगळ्यात उशिरा भरतो तो हाच स्नायू. वाटीखालच्या टेंडनचा ग्राफ्ट घेतला असेल तर दुप्पट पंचाईत, कारण ज्या टेंडनमधून क्वाड्सचा जोर खाली पोचतो त्याचाच मधला तिसरा भाग काढलेला असतो. याचा अर्थ ग्राफ्ट चुकीचा निवडला असा नाही. या वयाच्या, वळणावळणाचा खेळ खेळणाऱ्या मुलासाठी तो चांगलाच पर्याय आहे आणि मृतदात्याच्या ग्राफ्टपेक्षा तर निश्चित बरा. फक्त क्वाड्सकडे दुर्लक्ष झालं तर तो माफ करत नाही.

आता त्या ९५ टक्क्यांबद्दल. एका पायावर पुढे उडी मारून दोन पायांचं अंतर तोलायची चाचणी सगळीकडे चालते आणि तिच्यावर नको इतका भरवसा ठेवला जातो. पुढे उडी मारताना जोर येतो तो मुख्यतः घोटा आणि कमरेच्या सांध्यातून. गुडघ्याचा वाटा जेमतेम १२-१३ टक्के. त्यामुळे गुडघा कच्चा असला तरी अंतर बरोबरीचं येतं. गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते, आणि तिथे टेप लावून कुणी मोजत नाही. मोबाइल कडेला ठेवून १२० किंवा २४० फ्रेमवर उतरतानाचा व्हिडिओ घ्या. ऑपरेशनच्या पायावर गुडघा कमी वाकत असेल, धड पुढे झुकत असेल, पाय काठीसारखा ताठ पडत असेल, तर ९५ हा आकडा बाजूला ठेवा. पुढच्या उडीपेक्षा एका पायावर सरळ वर मारलेली उडी गुडघ्याबद्दल जास्त खरं बोलते.

दुसरी फसगत दोन पायांच्या तुलनेतच आहे. सात महिन्यांत चांगला पायही कमजोर झालेला असतो. दोन्ही खाली आले की टक्केवारी छान दिसते. म्हणून क्वाड्सची ताकद शरीराच्या वजनाशी ताडायची. आयसोकायनेटिक यंत्र (ठरलेल्या वेगावर स्नायूचा जोर मोजणारं) असेल तर सेकंदाला ६० अंशांच्या वेगावर प्रत्येक किलोमागे ३ न्यूटन-मीटर हे मुलग्यांसाठी वाजवी लक्ष्य आहे, आणि शिवाय दोन पायांतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. यंत्र नसेल तर बेल्टने घट्ट बांधलेला हातातला डायनॅमोमीटर (जोर मोजायचं उपकरण) चालतो. फिजिओने नुसत्या हाताने दाबून "पाच पैकी पाच" लिहिलं असेल तर त्याला या खेळात काही अर्थ नाही, कारण पाचात पाच मिळवणारा स्नायू दुसऱ्या पायापेक्षा तीस टक्के कमजोर असू शकतो. जिममध्ये ढोबळ अंदाज घ्यायचा तर एका पायाच्या लेगप्रेसवर शरीराच्या दीडपट वजन एकदा नीट ढकलता आलं पाहिजे, आणि साधारण गुडघ्याइतक्या उंचीच्या बाकावरून एका पायावर उठबस २२ वेळा झाली पाहिजे, गुडघा आत न पडता.

वेळेचा हिशेब स्वतंत्र ठेवा. ताकद कितीही आली तरी ग्राफ्टचं आतलं काम आपल्या गतीने चालतं. लावलेलं टेंडन आधी मऊ पडतं, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू ते लिगामेंटसारखं बनत जातं. वर्ष-दोन वर्षं हे चालू असतं. पहिल्या नऊ महिन्यांत खेळात परतणं एकेका महिन्याने पुढे ढकललं की पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटतं असं अभ्यासांत दिसलं आहे. पंचविशीच्या आतल्या आणि पुन्हा असा खेळ खेळणाऱ्यांमध्ये साधारण चारातल्या एकाचं एसीएल परत तुटतं, त्याच गुडघ्यात किंवा दुसऱ्यात. तुमचा मुलगा याच गटात आहे. ऑगस्टअखेरीस बरोबर नऊ महिने होतात. कोचचं गणित तिथूनच आलं असणार. नऊ महिने ही किमान अट आहे. ती पुरी झाली म्हणून बाकीच्या अटी आपोआप सुटत नाहीत.

व्यावसायिक खेळाडूंची उदाहरणं कोच देईल, म्हणून ती नीट वाचलेली बरी. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या वेस वेल्करचा गुडघा ३ जानेवारी २०१० ला ह्यूस्टनमध्ये गेला आणि सप्टेंबरमध्ये मोसमाच्या पहिल्याच सामन्यात तो मैदानावर होता. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात: २००९ मध्ये त्याने १२३ झेल आणि १,३४८ यार्ड (झेलांवर मिळवलेलं अंतर) केले होते, परतीच्या २०१० मध्ये ८६ झेल आणि ८४८ यार्ड, आणि २०११ मध्ये १२२ झेल आणि १,५६९ यार्ड. प्रत्येक झेलामागचे यार्ड साधारण ११, मग ९.९, मग १२.९. म्हणजे आठ महिन्यांनी तो मैदानावर आला, फॉर्म मात्र दुसऱ्या मोसमात. लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपचं डावं एसीएल ११ नोव्हेंबर २०१८ ला सिअ‍ॅटलविरुद्ध, तुमच्या मुलासारखंच कुणी न धडकता गेलं. दहा महिन्यांनी परतून २०१९ मध्ये त्याने ९४ झेल आणि १,१६१ यार्ड केले. २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता: १४५, १,९४७ आणि १६. त्यात नवा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आणि सतरावा सामना यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय गुडघ्याला देऊ नये. ग्रीन बेच्या जॉर्डी नेल्सनने परतीच्याच मोसमात, २०१६ मध्ये, १,२५७ यार्ड आणि लीगमध्ये सर्वाधिक १४ टचडाउन केले; पण त्याची दुखापत ऑगस्ट २०१५ मधली, त्याला वर्ष पुरं मिळालं होतं.

घाईचं उदाहरण जेरी राइसचं. १९९७ मध्ये मोसमाच्या पहिल्या सामन्यात एसीएल गेलं आणि साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, तो डेन्व्हरविरुद्ध उतरला. टचडाउनही झेलला आणि पडताना त्याच गुडघ्याची वाटी तडकली. १९९८ मध्ये, पुरेशा विश्रांतीनंतर, पुन्हा १,१५७ यार्ड. उलट ओडेल बेकहॅम ज्युनियर अकरा महिने थांबून परतला, तरी फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये तोच डावा गुडघा पुन्हा गेला. थांबण्याने धोका कमी होतो, संपत नाही.

आता जुलै-ऑगस्टमध्ये करायचं काय.

पहिले दोन-तीन आठवडे थांबण्याचा सराव, चेंडूशिवाय, शक्यतो खऱ्या गवतावर. १० यार्ड साधारण ६० टक्के वेगाने पळून पाच पावलांत थांबायचं, कंबर खाली, छाती मांड्यांच्या वर, पाय शरीराच्या पुढे पडलेले. एका वेळी १२ ते १६ थांबे पुरे, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. मग वेग ७५, मग ९० टक्के. मग पावलं पाचावरून चार, चारावरून तीन. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची: वेग किंवा पावलं किंवा संख्या. वळणाचा कोन त्यानंतर, आधी ४५ अंश, मग ९०, शेवटी पूर्ण मागे फिरणं. पंचेचाळीसपर्यंत वेग फारसा मारावा लागत नाही. त्यापुढे खरा भार येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची सूज हाच निकाल. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहाताने वर पुसत न्यायचं, मग बाहेरच्या बाजूने खाली. आतल्या खळग्यात पाण्याची लाट परत आली तर सूज आहे. आदल्या दिवशीपेक्षा ती वाढली असेल तर पुढचा सराव एक पायरी खाली. वाटीखाली दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं आणि ते २४ तासांत शमणं चालेल, त्याहून जास्त नाही. मुलं सूज लपवतात. त्यामुळे त्याला विचारण्यापेक्षा स्वतः बघा.

रूटचा, म्हणजे रिसीव्हरने पळायच्या ठरलेल्या वाटांचा, क्रम लावताना बरेच कोच एक गोष्ट विसरतात: कोणत्या रूटला कोणता पाय रोवला जातो. रूट ट्रीमधले (या वाटांच्या क्रमांक दिलेल्या आकृतीतले) विषम आकडे बाहेर, साइडलाइनकडे वळतात आणि सम आकडे आत. बाहेर वळताना आतल्या बाजूचा पाय रोवला जातो, आत वळताना बाहेरचा. तुमच्या मुलाचा डावा गुडघा आहे. तो मैदानाच्या उजव्या बाजूला उभा राहिला तर आउट, कमबॅक आणि कॉर्नर या बाहेर वळणाऱ्या रूटला भार डाव्या पायावर येतो; आत वळणाऱ्या स्लँट, कर्ल, डिग आणि पोस्टला उजव्यावर. डाव्या बाजूला उभा राहिला की सगळं उलटं. म्हणजे पहिले दोन आठवडे उजवीकडून स्लँट, डिग आणि पोस्ट. डावीकडून आउट आणि कॉर्नर. त्यानंतर उजवीकडून कॉर्नर, कारण तिथे कोन उघडा असतो, मग दहा यार्डांचा आउट. उजवीकडचा कमबॅक सगळ्यात शेवटी. पंधरा यार्ड पूर्ण वेगात जाऊन बारावर परत यायचं, सगळा भार डाव्यावर: या गुडघ्यासाठी त्याहून अवघड रूट नाही. गो रूट सोपा वाटतो, कारण वळणच नसतं, पण तो हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, घेतो. परतलेल्या रिसीव्हरची पुढची दुखापत बरेचदा तीच असते. म्हणून आठवड्यातून दोनदा, ताज्या पायांनी, ९० टक्क्यांवरच्या चार-पाच धावा आतापासून सुरू ठेवायच्या आणि सोबत हॅमस्ट्रिंगचा नॉर्डिक व्यायाम.

आणखी एक बारकावा व्हिडिओवरच दिसतो. डावा पाय रोवायचा असेल तेव्हा त्याच्या आधीचं पाऊल उजवं असतं. मुलगा नकळत सगळा वेग त्या उजव्यावरच मारून घेतो आणि डावा नुसता टेकवून निघतो. कट (म्हणजे वळण) बाहेरून ठीक दिसतो, पण तो गोलसर झालेला असतो, टोकदार नाही. दुखापतीआधीचा सामन्याचा व्हिडिओ काढा. शाळेकडे तो असतोच. तोच रूट, तीच बाजू, आणि थांबायला सुरुवात केल्यापासून वळेपर्यंतची पावलं मोजा. पूर्वी तीन आणि आता साडेचार-पाच असतील तर तुम्हाला जे "काहीतरी" वाटतंय ते हेच. ही संख्या पूर्वीवर येईपर्यंत स्टॉपवॉचकडे बघू नका.

हातांचं काम मात्र आधीच सुरू करता येतं आणि सात महिन्यांपर्यंत ते झालं असेलच असं नाही. चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभ्याने झेल, पाठ वळवून ऐन वेळी मागे फिरून झेल, एका हाताने टेनिसचा चेंडू. हे रोज करायला हरकत नाही. कारण पुढचा टप्पा थांबणं आणि झेलणं एकत्र करण्याचा आहे, आणि तिथे नीट थांबणारा मुलगाही डोळे चेंडूवर गेले की पुन्हा ताठ पायाने पडायला लागतो. क्रम असा: ठरलेला रूट चेंडूशिवाय, मग चेंडूसह, मग ऐन वेळी इशाऱ्यावर दिशा, मग समोर हात न लावणारा बचावपटू, मग हात लावणारा. सुरुवातीच्या रेषेवरच अडवणारा प्रेस बचाव सगळ्यात शेवटी, कारण तिथे पाय रोवलेला असताना कुणीतरी खांद्याला ढकलत असतं.

ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) घालावा का, हा प्रश्न पुढे येईलच. पुन्हा तुटणं तो टाळतो याला भक्कम आधार नाही. त्याला धीर येत असेल तर पहिला मोसम घालू द्या. मनाची तयारीही मोजता येते: एसीएल-आरएसआय नावाची बारा प्रश्नांची चाचणी आहे, शंभरपैकी गुण. सगळे शारीरिक आकडे जमले आणि इथे पन्नाशीच्या आत असेल तर तो मैदानावर जपून खेळणार, आणि जपून खेळणारा रिसीव्हर ना धड सुरक्षित, ना धड उपयोगी.

वेळापत्रक मी असं लावेन. जुलै संपेपर्यंत थांबे आणि चेंडूशिवाय रूट. ऑगस्टच्या सरावशिबिरात संघासोबत, पण हात न लावता आणि दिवसाला १५ ते २० रूटच्या वर नाही. टेक्ससच्या उन्हात दोन सत्रं असतील तर त्यातलं एकच, कारण दमलेला पाय ताठ पडतो. ऑगस्टअखेर सगळ्या चाचण्या पुन्हा. ताकद, उतरण्याचा व्हिडिओ, पावलांची मोजणी आणि मनाचे गुण हे चारही जमले, सर्जनने लेखी परवानगी दिली, तर सप्टेंबरात पूर्ण धक्क्यासह सराव तीन-चार आठवडे. सामना सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये. चारातलं एक जरी अडलं तर तारीख सरकते, आणि हे कोचला जुलैतच सांगून ठेवावं.

पहिल्या सामन्यात १२ ते १५ स्नॅप (म्हणजे डाव), दुसऱ्यात २०-२५, सूज नसेल तर पुढे दर सामन्याला आठ-दहा वाढवायचे. स्नॅप मोजायचं काम साइडलाइनवरच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे द्या, कोचकडे नको. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन गुणांनी मागे असताना कोच मोजत नाही. किकऑफ आणि पंट, म्हणजे लाथेने मारलेले चेंडू, परत आणण्याच्या कामातून त्याला हा मोसम पूर्ण सूट. आणि या मोसमात झेल निम्मे झाले, रूट थोडे गोल राहिले तर घाबरू नका. जिमचं काम मोसमातही आठवड्यातून दोनदा चालू राहिलं पाहिजे, जड वजन, कमी आवर्तनं. बहुतेक शाळांत ते सामने सुरू झाले की बंद पडतं आणि ऑक्टोबरपर्यंत क्वाड्स पुन्हा उतरलेले असतात. ज्या फॉर्मबद्दल तुम्ही विचारताय तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शोधा.